खोटी हाक

थोरलीच्या बापानं तिला जाळं फेकायला शिकवायच्या आधी एक गोष्ट शिकवली होती: खोटी हाक मारायची नाही. होडीच्या काठावर दांडा वाजवला की जाळं पाण्यात पडलंच पाहिजे. मासा लागो न लागो, अंगात ताप असो, वारा तोंडावर थपडा मारत असो. वाजवलंस ना? मग फेक. डॉल्फिनना बोलावून घ्यायचं आणि कमरेवर हात ठेवून गंमत बघत बसायचं, हा चावटपणा त्या खाडीत कुणी करत नसे. एखाद्या नवख्यानं केलाच, तर बोळके आजोबा त्याचा असा उद्धार करत, की या माणसाच्या तोंडात एकही दात उरलेला नाही हे खरं वाटू नये.

आणि का नाही करणार? सगळ्यांचं पोट त्या हाकेवर होतं. दोन ठोके सावकाश, मधे एक दम, मग तीन घाईचे. हा ताल पाण्यात गेला की डॉल्फिन कुठूनतरी येत, खोल पाण्यातला बोयी माशांचा थवा घेरत आणि रेटत रेटत उथळाकडे आणत. तिथं कमरेएवढ्या पाण्यात माणसं ओळीनं उभी, हातात गोल जाळी. पुढची डॉल्फिन पाठीची कमान करून डोकं पाण्यावर आपटी. ती खूण. त्याच क्षणी जाळी उडत. बिचकलेल्या बोयी उधळल्या की काही जाळ्यात जात आणि उरलेल्या डॉल्फिनच्या तोंडात. उपकार कुणाचेच नाहीत, दोघांचंही भागत होतं.

खाडीचं पाणी राखीव होतं. पिवळ्या पिंपांची एक रांग तरंगत ठेवलेली, तिच्या आत इंजिनाची बोट नाही, लांब जाळं नाही, गळसुद्धा नाही. मुभा फक्त या हातजाळ्यांना, कारण ती डॉल्फिन देतील तेवढंच घेत. अट मात्र कडक होती. डॉल्फिननी मासा आपणहून हाकायला हवा, आणि कुणीही त्यांना हातानं खाऊ घालायचं नाही. हातानं खायची चटक लागलेली डॉल्फिन शिकार विसरते, बोटींच्या मागे लागते आणि एक दिवस पंख्यात सापडून मरते. दर हंगामाच्या तोंडाला देखरेखीच्या साहेबबाई येत, डोळ्यांनी बघत, पटलं तर परवानगी पुढं चालू. नाही पटलं तर जाळी खुंटीला. थोरलीला जाळ्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकायचं वय केव्हाच मागं पडलं होतं.

तसं तिचं बरंच काही मागं पडलं होतं. आई गेली तेव्हा धाकटा पाळण्यात होता आणि ही परकर सावरत शाळेत जाणारी. त्या दिवसापासून शाळा सुटली ती सुटलीच. "आ कर, मासा आला, पोहत पोहत आला," असं म्हणत तिनं त्याला एकेक घास भरवला. तो आ वासून बसायचा, चिमणीच्या पिल्लासारखा. पुढं बापही गेला, तेव्हा जाळं तिनं खांद्यावर घेतलं. स्थळं यायची. "आधी याचं मार्गी लागू दे," असं म्हणता म्हणता स्थळं यायची थांबली. त्यावरून ती कधी कुढली नाही. तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं पोराला, आणि पोरगं हसरं होतं, लाघवी होतं. अजून काय पाहिजे?

बापाचा आणखी एक नियम होता: ज्याच्या हातात जाळं, त्याच्याच हातात दांडा. हा मात्र थोरलीनं मोडला. धाकट्याला पाण्याची हौस, जाळ्याचा कंटाळा. जाळ्याला वास येतो म्हणे! पण दांडा वाजवायचा हट्ट धरून तो नाक ओढत बसला, आणि त्याचं रडं तिला कधी बघवलं नाही. इवलासा हात हातात धरून तिनं त्याला ताल शिकवला.

बोळके आजोबा तेव्हाच म्हणाले होते, "पोरी, जो फेकणार नाही, त्याला बोलवायला शिकवू नकोस."

"लहान आहे हो आजोबा. चार दिवस पातेली बडवेल नि विसरेल."

तो काही विसरला नाही.

मोठा झाल्यावर धाकटा पिंपांच्या बाहेरून पाहुण्यांना फिरवणाऱ्या फेरीबोटीवर लागला. गोड बोलणं जन्मजात, त्यामुळं लवकरच बोट त्याच्याच हाती आली. लग्न झालं, दोन गल्ल्या सोडून वेगळी खोली घेतली. तरी संध्याकाळी लाकडी धक्क्याला बोट बांधली की तो ताईकडे डोकावल्याशिवाय घरी जात नसे. हातात एक पत्र्याची बादली असायची, झाकलेली. चालताना तिची कडी खणखण वाजायची. थोरली आत भांडी घासत असली तरी त्या आवाजावरून ओळखायची, आले आमचे साहेब.

"डेक धुवायची बादली घरी कशाला नेतोस रे रोज?"

"धक्क्यावरून चोरीला जाते, ताई."

"बादलीसुद्धा चोरतात? कठीण आहे बाई लोकांचं," असं म्हणून ती चहाचं आधण ठेवी. विषय तिथंच संपे.

यंदा हंगाम जवळ आला तशी टवकी बिघडली. टवकी म्हणजे कळपातली पुढची डॉल्फिन. पाठीवरच्या पराचा टवका उडालेला, म्हणून टवकी. थोरली नवी नवी जाळं फेकायला लागली होती तेव्हा ही टवकी आपल्या आईच्या कुशीला चिकटून पोहायची. दोघी बरोबरीनंच कर्त्या झाल्या म्हणा ना. तर ती टवकी आता हाकेला यायची, नाही असं नाही, पण मासा न घेता यायची. सरळ होडीला येऊन भिडायची, डोकं वर काढायची आणि आ करायची.

पहिल्यांदा थोरलीला हसूच आलं. "दात कसले दाखवतेस गं मला? आजोबांना दाखव, त्यांना गरज आहे."

"ऐकू येतंय मला!" पलीकडून आजोबा ओरडले. सगळी ओळ हसली.

मग मात्र हे वरचेवर व्हायला लागलं. एखाद्या दिवशी कळप नीट हाकायचा, एखाद्या दिवशी अर्ध्यात सोडून होडीभोवती घिरट्या घालायचा. बोयी डोळ्यांदेखत निसटून जायच्या आणि ओळीतली माणसं थोरलीकडे बघायची, कारण दांडा तिच्या हातात होता. एका सकाळी होडीशेजारी तिला एक तारली मासळी तरंगताना दिसली. त्या खाडीत तारली येत नाही. शिवाय डोकं कापलेलं, आणि अंग बर्फातून काढून ठेवल्यासारखं लिबलिबीत. तिनं ती फडक्यात गुंडाळून घरी आणली आणि संध्याकाळी धाकट्यापुढं धरली.

त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं. "पाहुण्यांच्या डब्यातून पडली असेल."

"कच्ची तारली? डब्यातून?"

"लोक हल्ली काय काय खातात, तुला काय ठाऊक! तू उगाच जिवाला लावून घेतेस, ताई. टवकी म्हातारी झाली असेल."

"म्हणजे मग मी पण झाले की."

"तू कुठली होतेस!" असं म्हणत त्यानं तिच्या गळ्यात हात टाकले, लहानपणी टाकायचा तसे. हातांना वासाच्या साबणाचा घमघमाट येत होता. थोरलीला वाटलं, बायकोनं चांगलं वळण लावलं हो! अहो, ज्याला घास भरवला त्याच्या हाताचा वास कोण हुंगत बसतं? ती बापडी आपली काळजी सांगत राहिली. बाईंच्या देखत टवकीनं असं केलं तर? परवानगी गेली तर? ओळीतल्या घरांनी काय खायचं, आणि मी काय करायचं या वयात?

"मी आहे ना," धाकटा म्हणाला. "त्या सकाळी धक्क्यावर येऊन उभा राहतो. बाईंशी काही बोलायची वेळ आली तर मी बोलेन. तुला कुठं धड बोलता येतं!"

आणि बरं का, थोरलीला खरंच हायसं वाटलं. आपला माणूस बोलायला आहे म्हटल्यावर तिला गाढ झोप लागली.

साहेबबाई आल्या त्या सकाळी पाणी अगदी शहाण्यासारखं पडलं होतं. बाई धक्क्याच्या टोकाला दुर्बीण घेऊन उभ्या राहिल्या. त्या बोलायला कमी होत्या, पण माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांच्या शेजारी धाकटा, फेरीबोटीचा पिवळा सदरा घालून, केस विंचरून, पायाशी बादली. फेरीची वेळ व्हायची होती, म्हणून बोट तिथंच, पिंपांबाहेरच्या बाजूला, बांधलेली. त्यानं ताईला हात केला. तिनंही केला. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर माणसं ओळीनं पाण्यात उतरली. आजोबांनी जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळली. थोरलीनं होडीच्या काठावर दांडा टेकवला, बापाला मनात हाक मारली आणि वाजवलं. दोन सावकाश. दम. तीन घाईचे.

आली! टवकी आली, मागं कळप आला, पाणी चिरत सगळे आले. थोरलीच्या डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. "शाबास गं माझे बाई," ती पुटपुटली आणि जाळं सावरून धरलं.

टवकी होडीशी आली, डोकं वर काढलं आणि आ केला. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. लहान पिल्लंसुद्धा. बोयींचा थवा पलीकडं आरामात चमकत गेला आणि त्याच्याकडं एकीनंही ढुंकून पाहिलं नाही. सगळा कळप होडीभोवती तोंडं उघडून तरंगत राहिला, जेवायला बसलेल्या पंगतीसारखा. थोरलीनं तरी जाळं फेकलं. नियम म्हणजे नियम. जाळं रिकामं वर आलं.

साहेबबाईंनी दुर्बीण खाली घेतली. "होडी इकडं आणा," त्या म्हणाल्या.

थोरलीनं होडी धक्क्याला लावली. ओळीतली माणसंही पाण्यातून चालत जवळ आली. कळप मागंच घुटमळत राहिला.

"यांना कुणीतरी हातानं खायला घालतंय," बाई म्हणाल्या. "एखाद्या दिवसाचं हे काम नाही. रोजचं आहे. कोण घालतंय?"

थोरलीचं डोकं चालेना. कोण घालणार? का घालणार? ती ओळीतल्या एकेकाच्या तोंडाकडं बघत होती, आणि तेवढ्यात धाकटा बोलला. आवाज किती मऊ! साखर पेरावी तसा.

"बाई, तिला काही म्हणू नका. माझी बहीण आहे ती. एकटी असते हो. लग्न नाही, मूल नाही, घरात बोलायला कुणी नाही. त्यांच्यावर जीव लावलाय तिनं. घालते दोन मासे कधीमधी. ताई, मी तुला कितीदा म्हटलं होतं, नको म्हणून?"

थोरलीला आधी कळलंच नाही की हे आपल्याबद्दल चाललंय. कुणा दुसऱ्याच बिचारीची गोष्ट सांगतोय असं वाटलं. मग कळलं. ती मटकन फळीवर बसली. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. "तुला कुठं धड बोलता येतं," हे तो बरोबरच म्हणाला होता.

आणि लोक! बरोबर जाळं फेकणारे, तिच्या हाकेवर जेवणारे लोक! एकजण दुसऱ्याच्या कानाशी पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एकटीचं असंच असतं. पण आमच्या पोटावर पाय कशाला?" दुसऱ्यानं मान हलवली. हिच्या बाजूनं एकाचीही जीभ उचलेना. फक्त बोळके आजोबा धाकट्याकडं डोळे बारीक करून बघत होते.

"काय रे, बोलवल्याशिवाय डॉल्फिन येत नाहीत. तुला वाजवता येतं ना?" त्यांनी विचारलं.

"मला? छे! मला कुठं येतंय, आजोबा."

"येत नाही? पातेली बडवून बडवून आमचं डोकं उठवायचास की!"

"लहानपणीचं कुणाच्या लक्षात राहतं?" धाकटा हसला. पण चोराच्या मनात चांदणं. हसता हसता त्याला आठवलं, की साहेबबाई आता त्याच्या अंगाला लागून उभ्या आहेत आणि बादली पायाशी आहे. त्यानं दाखवायला वर आभाळाकडं बघितलं आणि पायानं बादली हळूच खांबाच्या मागं सरकवली. बादली फळीच्या फटीत अडखळली, आणि उभी असलेली कडी पत्र्यावर पडली.

खण्ण.

पुढं काय झालं ते ओळीतल्या प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. टवकीनं पाण्यातच गिरकी घेतली. तिच्यामागून सगळा कळप वळला. थोरलीच्या होडीला वळसा घालून, आजोबांना जवळजवळ आडवं पाडून, ती सगळी धक्क्याखाली जमली, बरोबर धाकट्याच्या पायांखाली. टवकीनं डोकं वर काढलं आणि त्याच्याकडं बघून आ केला. त्यानं पाय मागं घेतला. ती अजून वर आली आणि चिवचिवत ओरडायला लागली, जेवायला उशीर झाला म्हणून पोरं ओरडतात तशी.

साहेबबाईंनी वाकून बादलीवरचं पोतं उचललं. आत तारल्या होत्या. डोकी कापलेल्या, लिबलिबीत.

"ओळखलंन रे बाबा तुला," आजोबा म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

थोरली त्याच्याकडं बघत होती. तिला वाटत होतं, आता तरी म्हणेल, ताई चुकलो. सगळ्यांच्या देखत एवढे दोन शब्द बोलेल. तो बोटीच्या दोराकडं बघत राहिला.

निकाल तिथल्या तिथं लागला. फेरीबोट बंद. आणि हातजाळीसुद्धा बंद. "तुमची चूक नाही, मला दिसतंय," बाई थोरलीला म्हणाल्या, आणि त्यांना ते बोलणं जड जात होतं. "पण यांनी हाकणंच सोडलंय. पुन्हा आपणहून मासा हाकताना दिसल्या तर मी परवानगी देईन. तोवर कुणी दांडा वाजवायचा नाही. तो ताल त्यांनी विसरायला हवा."

बापाचा ताल. थोरलीनं मान डोलावली. दुसरं काय करणार होती?

संध्याकाळी ती जाळं खुंटीला लावत होती. कडीची खणखण आली नाही, त्यामुळं धाकटा दारात येऊन उभा राहिला तरी तिला पत्ता लागला नाही. तो खाकरला तेव्हा तिनं मागं पाहिलं.

"ताई."

तिनं जाळ्याची दोरी गुंडाळायला घेतली.

"पाहुणे डॉल्फिन बघायला येतात गं. दिसली नाहीत तर चिडतात, मालक माझ्यावर ओरडतो. मी एकदाच वाजवलं पिंपांच्या बाहेरून, आणि आली सगळी. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग रिकामं परत कसं पाठवायचं? तूच म्हणायचीस ना, खोटी हाक मारायची नाही? म्हणून मासे घातले."

हे ऐकून थोरलीला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. बापाचा नियम पाठ होता कार्ट्याला! आणि त्याचा हा उपयोग केला!

"मासे घातलेस," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येत नव्हता. "मला येऊन सांगितलं असतंस तर दोन मुस्कटात दिल्या असत्या आणि मग तुझ्यासाठी मीच बाईंच्या पाया पडले असते. ते सगळं मी गिळलं असतं रे. पण तू सगळ्यांसमोर म्हणालास, एकटी असते. लग्न नाही, मूल नाही."

"घाबरलो होतो. तोंडातून गेलं."

"पोटात असल्याशिवाय ओठावर येत नाही. कुणामुळं एकटी राहिले मी? बोल ना. तुला तर बोलता येतं."

धाकट्यानं तोंड उघडलं. पण आत काही नव्हतंच, नुसतंच उघडं राहिलं. आणि थोरलीला ते बघवेना, कारण तो तसाच दिसत होता, पाळण्यातून उठवून मांडीवर घेतल्यावर दिसायचा तसा. क्षणभर वाटलं, जवळ घ्यावं. केसानं गळा कापला यानं, आणि तरी वाटलं, जेवलाय की नाही कुणास ठाऊक. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात ते काही खोटं नाही.

"जा घरी. बायको वाट बघत असेल," ती म्हणाली.

"उद्या येऊ?"

"नको."

त्याला वाटलं ती रागानं म्हणतेय, राग उतरेल. पण ती रागात नव्हती. तिनं दार हळू लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून तिथंच बसली. आणि मग रडली, आई गेली तेव्हा रडायला सवड मिळाली नव्हती ते सगळं धरून रडली.

साहेबबाईंनी जाताना एक गोष्ट सांगून ठेवली होती. डॉल्फिनच्या ओळखीच्या कुणीतरी रोज पाण्यात उभं राहायचं. काही न वाजवता, काही न देता, रिकाम्या हातानं. माणसाकडून काही मिळत नाही हे कळलं की त्या हळूहळू आपल्या आपण शिकारीला लागतील. हे काम कोण करणार म्हटल्यावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"मी उभा राहतो, पोरी," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला बघून टवकी हसत सुटेल, आजोबा. मीच राहते."

म्हणून ती सकाळी पाण्यात उतरली. दांडा घरी, जाळं घरी. खांद्यावर ओझं नाही तर चालताही धड येत नव्हतं. कमरेपर्यंत पाणी आलं तिथं ती थांबली आणि दोन्ही हात पसरून तळवे पाण्यावर ठेवले, दिसावेत म्हणून.

टवकी आली. वाजवलं नव्हतं तरी आली. आधी धक्क्याकडं गेली, धाकटा उभा होता तिथं. मोकळ्या खांबांभोवती एक फेरी मारून वळली आणि थोरलीच्या पुढ्यात येऊन थांबली. एवढी जवळ, की पराचा तो टवका हात लांब केला तर लागला असता. बरगड्या दिसत होत्या की थोरलीला तसं वाटत होतं, कोण जाणे. टवकीनं डोकं वर काढलं आणि आ केला.

"नाही गं," थोरली म्हणाली. "माझ्याकडं नाही काही."

टवकी तशीच राहिली. थोरलीचा हात आपोआप उचलला गेला, घास भरवायला उचलला जातो तसा. तिनं तो दुसऱ्या हातानं खाली दाबून धरला. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं: मी नव्हे ती, तुला फसवणारी मी नव्हे, मी जन्मात तुला खोटी हाक मारली नाही. पण ते त्या मुक्या जनावराला कोण समजावणार? टवकीच्या लेखी हाक याच पाण्यातून आली होती, जेवण याच माणसांनी दिलं होतं, आणि आता ओळखीची बाई समोर उभी राहून तोंडचा घास काढून घेत होती.

थोरलीनं पाठ फिरवली.

मागं फुस्स करून श्वास सुटला. मग पाणी हललं, आणि टवकी वळसा घालून पुन्हा तिच्या पुढ्यात आली. पुन्हा आ केला. थोरलीनं डोळे पुसले आणि पुन्हा पाठ फिरवली. टवकी पुन्हा पुढं आली.